जनावरांची हगवण

निरोगी आतडे चाऱ्यातले पाणी शोषून घेते. जंतू, जंत किंवा एकाएकी बदललेला चारा यांमुळे आतडे बिघडले, की पाणी शोषले जात नाही, उलट आत झिरपते आणि हगवण लागते. मराठवाड्यात पहिल्या पावसानंतर कोवळ्या गवतावर तुटून पडणाऱ्या शेळ्यांत हे हमखास दिसते. शहरातल्या भाजीबाजाराचा सडका पाला खाणाऱ्या मोकाट गायींचेही तेच. खरा धोका वासरांना. पहिल्या दोन तासांत पोटभर चीक न मिळालेले वासरू ई-कोलाय जंतूंना सहज बळी पडते. पांढरट, घाण वासाची हगवण सुरू होते. जीव जातो तो बहुधा पाणी आणि क्षार आटल्याने. डोळे खोल जातात, मानेवर चिमटीत धरलेली कातडी लवकर बसत नाही. तेव्हा क्षारांचे पाणी ताबडतोब पाजून पशुवैद्यकाला बोलवावे. प्रतिजैविक जंतांवर चालत नाही, म्हणून आधी शेणाची तपासणी.