उपचाराची तारीख आणि विम्याची मंजुरी



कर्करोगाचे निदान झालेल्या घरात पहिला प्रश्न, परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायचे की उपनगरातच, हा असतो. दुसरा लगेच उभा राहतो : विम्याची मंजुरी केव्हा येणार? केमोथेरपीची आवर्तने बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने येतात आणि दर खेपेला कागदांची फेरी नव्याने सुरू होते. रोग मात्र कोणत्याही कागदासाठी थांबत नाही.

विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाने कॅशलेस उपचारांच्या पूर्वमंजुरीस एक तास, तर रुग्णास घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीस तीन तास अशी मर्यादा घातली. तीन तास उलटल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसावयाचा आहे. तोही भागधारकांच्या निधीतून. ही तरतूद किती कुटुंबांना ठाऊक असते? बिलाच्या खिडकीपाशी दुपार घालवून बिचारी नशिबाला बोल लावतात.

खरा घोळ शंकांच्या पत्रांत होतो. 'रोग आधीपासून होता काय?' हा त्यांतला नेहमीचा प्रश्न. पॉलिसी सलग साठ महिने चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. म्हणून जुन्या पॉलिसींच्या प्रती रद्दीत जाऊ देऊ नयेत.

कंपनीने नकार दिला, किंवा लेखी तक्रारीस महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मौन हेदेखील तेथे तक्रारीस पुरेसे कारण ठरते. शुल्क नाही, वकील चालत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई लोकपालाच्या अधिकारात आहे. मात्र नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अंधेरी-बोरिवलीकरांसाठी सांताक्रूझचे कार्यालय आहे. घाटकोपर आणि मुलुंड मुंबईत असूनही ठाण्याच्या लोकपालाच्या कक्षेत येतात. एवढ्याशा अज्ञानापायी आठवडे वाया जाऊ शकतात.

ही धावपळ रुग्णाने करू नये. घरातील एकाने, नाहीतर इमारतीतील एखाद्या निवृत्त बँक कर्मचाऱ्याने एक वही घालावी : तारीख, वेळ, फोनवर बोलणाऱ्याचे नाव, मागितलेला कागद आणि तो दिल्याची पोच. बायोप्सीचा मूळ अहवाल तर प्रत काढल्यावाचून कोणाच्याही हाती देऊ नये.