खेळाडूचा गुडघा



आपणांपैकी ज्यांनी तारुण्यात येथे कावेरीकाठी चडुगुडूचे, म्हणजे आमच्या हुतुतूचे, मैदान गाजविले, त्यांनाच आज त्यागराजांच्या समाधीपुढे मांडी घालून बसवत नाही. अस्थिसंधिवातात झिजलेली कूर्चा व्यायामाने पुन्हा उगवत नाही, हे प्रथम मान्य करू. परंतु मांडीचे व कटीचे स्नायू बळकट झाले, की सांध्यास आधार मिळतो आणि वेदना उणावते. जोसेफ पिलाटीस (१८८३–१९६७) यांच्या पद्धतीतील कित्येक व्यायाम उताणे पडून, श्वासाच्या लयीत, सावकाश करावयाचे असतात. त्यांत शरीराचा भार गुडघ्यावर येत नाही. जुन्या खेळाडूस जड जाते ते एकच : जिंकण्याची घाई सोडणे. किंचित दुखले तर सोसावे, सूज आली तर थांबून डॉक्टरांना विचारावे. मात्र खाट धरू नये.