संशोधकांची भाषा आणि लोकांचे कान



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, अशी रीत आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात अशी व्याख्याने सुरू केली, तेव्हापासून ती चालत आली आहे. आज येथील चालकांनी ती थोडी मोडली. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते मोंढ्यातल्या हमाल-मापाडी बांधवांच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. अशा माणसाने पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना लोकांपुढे कसे बोलावे हे सांगावे, असा विषय मला दिला आहे. संशोधन कसे करावे हे मला ठाऊक नाही आणि त्या वाटेला मी जाणारही नाही. परंतु दिवसभर पोती वाहून थकलेल्या, घराकडे निघालेल्या माणसाला दहा मिनिटे उभे कसे ठेवावे, हे माझे तीस वर्षांचे काम आहे. तेवढ्या अधिकारावर मी बोलतो.

आपल्या नांदेडात १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे त्याच्याकडे आहेत. ज्यांचे नाव ह्या विद्यापीठाला दिले ते स्वामीजी संन्यास घेण्यापूर्वी कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करीत होते, ही गोष्ट मला नेहमी आठवते. आज तेथील मुले आपल्याच जमिनीवर, पाण्यावर, आपल्याच बोलीवर आणि आपल्याच कर्जबाजारीपणावर प्रबंध लिहितात. कोणी ऊसतोड मजुराला शंभर प्रश्न विचारतो, कोणी विहिरीचे पाणी बाटलीत भरून नेतो. मजूर आपला अर्धा दिवस देतो, बाई चहा करून देते. पुढे प्रबंध होतो, पदवी मिळते, घरी पेढे वाटले जातात. आणि त्या मजुराला, त्या बाईला काय कळते? बहुतेक वेळा काहीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीत शेवटची तोंडी परीक्षा खुली ठेवावी असे म्हटले होते. विभागातले अध्यापक, इतर संशोधक आणि जाणकार यांना तेथे बसता येईल, अशी ती यादी होती. ज्याच्या विहिरीचे पाणी नेले तो शेतकरी त्या यादीत नव्हता. म्हणून मी प्रथमच सांगून टाकतो की, लोकांपुढे बोलणे हा संशोधकाचा छंद नाही किंवा उपकारही नाही. ते देणे आहे. ज्याच्याकडून घेतले त्याला हिशेब दिला पाहिजे, एवढा साधा मोंढ्याचा न्याय आहे.

हे देणे चुकले तर काय होते, ते लातूर जिल्ह्याला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. सरकारी गणनेप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि माणसे त्यातून वाचतात. येथे एवढी माणसे का गेली? कारण घरे. रुंद भिंती, दोन्ही अंगांना दगड आणि मध्ये खडी-मातीची भर. वर माळवद, आणि त्यावर वर्षानुवर्षे टाकलेली माती. उन्हाळ्यात थंडावा देणारे तेच छप्पर त्या पहाटे माणसांच्या अंगावर आले. आदल्या वर्षी, १९९२ साली, त्याच परिसरात लहान धक्के बसले होते. त्यावरून मोठा भूकंप येणार असे कोणालाही छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हते; भूकंपाचा दिवस आजही कोणी सांगू शकत नाही. नकाशातही हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो नकाशा बदलायला २००२ साल उजाडावे लागले. तरीसुद्धा माळवदावरचे ओझे कमी करा, भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घाला, एवढे सांगता येण्याजोगे होते. ते ज्ञान कुठेतरी पुस्तकात होते. गावच्या गवंड्याच्या कानापर्यंत मात्र आले नव्हते.

भूकंपानंतर दुसरा घोटाळा झाला. लोक दगडालाच घाबरू लागले. दगड म्हणजे मरण आणि सिमेंट म्हणजे जीव, अशी समजूत पसरली. अभियंते सांगत होते की दोष दगडाचा नाही, बांधणीचा आहे; नीट सांधलेली दगडी भिंत उभी राहते. पण ज्याने आपले लेकरू दगडाखालून काढले, त्याच्यापुढे कागदावरची आकृती काय कामाची? तेव्हा घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ म्हणून बायका नेमण्यात आल्या. मोठ्या पदव्यांच्या जोरावर त्या आल्या नव्हत्या. त्या गावच्या होत्या, दुःख सोसलेल्या होत्या, आणि शिकलेली गोष्ट त्या शेजारणीच्या भाषेत सांगू शकत होत्या. ज्ञान आणि गाव यांच्यामध्ये एक माणूस लागतो, हे तेव्हा दिसले. आज मी विद्यापीठातल्या मुलांना म्हणतो, तो माणूस तुम्ही व्हा.

आता कसे बोलावे ते सांगतो. आमच्या फाटकावरच्या सभेला खुर्च्या नसतात. ऐकणारा उभा असतो, आणि त्याला निघून जाण्याचे पूर्ण स्वातंत्र्य असते. म्हणून तेथे काही नियम आपोआप शिकायला मिळतात.

पहिला नियम असा की, ऐकणाऱ्याच्या दारातून आत शिरावे. ‘माझ्या प्रबंधाचे शीर्षक, त्याची उद्दिष्टे, गृहीतके’ अशी सुरुवात परीक्षकांसमोर ठीक आहे. लोकांसमोर ‘तुमच्या बोअरचे पाणी पूर्वीपेक्षा मचूळ का लागते?’ असे विचारा. गाडगेबाबा आपल्या कीर्तनात हेच करीत. ते प्रश्न विचारीत आणि उत्तर समोरच्या गर्दीकडूनच काढून घेत. स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर माणूस विसरत नाही.

दुसरा नियम, एका वेळी एक गोष्ट. पाच वर्षांचे काम वीस मिनिटांत मावत नाही आणि मावावे असा हट्टही नसावा. घरी जाताना ऐकणारा बायकोला एक वाक्य सांगणार आहे. ते वाक्य कोणते असावे, हे तुम्ही आधी ठरवा आणि बाकीचे सारे त्याच्या पाठीशी उभे करा. ते वाक्य तुम्हालाच सापडत नसेल, तर सभा पुढे ढकला.

तिसरा नियम आकड्यांचा. आकडा हातात धरता आला पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी आली. तीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ऐकताना वाटते, केवढे हे पाणी! पण २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती ३ लाख ८२ हजार होती. भागाकार करा. माणशी सव्वा लिटरच्या आसपास पडते, म्हणजे एक तांब्या. तांब्या म्हटल्याबरोबर दुष्काळ डोळ्यांपुढे उभा राहतो. पाच लाख लिटर म्हटल्याने राहत नाही.

आता भूकंपाचेच घ्या. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि येथे नांदेडातही माणसे घराबाहेर आली. साडेचार आणि सहाच्या थोडे वर, यांत फरक तो काय, असे लोक म्हणतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ही तीव्रता मोजण्याची रीत आपल्या वजनमापासारखी नाही. एक अंक वाढला की आतून सुटणारी शक्ती सुमारे ३२ पट होते. मी आमच्या हमाल बांधवांना सांगतो की, हिंगोलीचा तो धक्का म्हणजे एक पोते धरा. किल्लारीचा म्हणजे साडेतीनशे पोती. पाठीवर पोते घेतलेल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावे लागत नाही. आणि त्यामुळे दोन्ही गोष्टी साधतात. उगाच घाबरण्याचे कारण राहत नाही, आणि घराची भिंत तपासण्याचे कारण मात्र राहते.

चौथा नियम शब्दांचा. अवघड शब्द मुळीच वापरू नका असे मी म्हणणार नाही. कामगाराला ‘भविष्य निर्वाह निधी’ कळतो, ‘ग्रॅच्युइटी’ कळते, कारण त्यात त्याचा पैसा आहे. शेतकऱ्याला बियाण्याचे नंबर तोंडपाठ असतात. आपल्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून निघालेले ‘नांदेड-४४’ हे वाण कोणी भाषांतर करून सांगितले नव्हते. शब्द अवघड असला तरी चालतो, पण त्याच्यामागची वस्तू आधी दाखवावी आणि मग नाव सांगावे. आणि वऱ्हाडी-मराठवाडी वळणाने बोलायला लाजू नये. पुण्याची भाषा उसनी आणून बोलणारा नांदेडचा मुलगा निम्मे लक्ष उच्चारावरच खर्च करतो.

पाचवा नियम पडद्याविषयी. हल्ली मुले पडद्यावर मजकूर दाखवतात आणि लोकांकडे पाठ करून तोच वाचतात. लोकांना वाचता येते. पडद्यावर चित्र दाखवा, नकाशा दाखवा. बोलताना मात्र तोंड माणसांकडे ठेवा. आणि घड्याळ पाळा. प्रश्नांसाठी राखलेला वेळ भाषणात खाऊ नका, कारण खरी सभा प्रश्नांपासून सुरू होते.

यावर काही प्राध्यापक म्हणतात, सोपे करताना ज्ञान पातळ होते. त्यांना मी मायकेल फॅरडेची आठवण देतो. हा लोहाराचा मुलगा लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. १८१२ साली त्याने हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, त्यांचे स्वतः पुस्तक बांधले आणि डेव्हीला पाठवून दिले. पुढच्या वर्षी तो त्याचा साहाय्यक झाला, आणि विजेच्या शास्त्रात त्याने जे केले त्यावर आज आपले दिवे लागतात. त्याच फॅरडेने पुढे मुलांपुढे नाताळच्या सुटीत व्याख्याने दिली आणि एका मेणबत्तीच्या आधारे सारे रसायनशास्त्र समजावून सांगितले. मेणबत्तीने त्याचे शास्त्र पातळ झाले नाही. उलट, डेव्ही बंद खोलीतच बोलला असता, तर तो पुस्तकबांधणीचा पोरगा शास्त्राला मिळाला नसता.

परंतु येथे एक इशारा दिला पाहिजे, आणि तो आमच्याच धंद्याविरुद्ध आहे. आम्ही पुढारी टाळ्यांचे लोभी. टाळी मिळते असे दिसले की ‘बहुधा’चे ‘नक्की’ होते आणि ‘काही ठिकाणी’चे ‘सगळीकडे’ होते. संशोधकाने आमच्याकडून आवाज घ्यावा, साधी भाषा घ्यावी. हा दोष घेऊ नये. जेथे माहीत नाही तेथे ‘हे अजून कळलेले नाही’ असे स्वच्छ सांगावे. लोक त्याने नाराज होत नाहीत. मोंढ्यात ज्याचा काटा खरा, त्याच्याकडे माल जातो. मग तो गोड बोलो अथवा न बोलो. अफवा मोठ्या आवाजात आणि पूर्ण खात्रीने बोलते. खऱ्या ज्ञानाला तेवढी खात्री नसते, म्हणूनच त्याने गप्प राहून चालत नाही.

शेवटी दोन शब्द आपणा श्रोत्यांना. बोलणारा तयार व्हायचा तर ऐकणारा हवा. आपल्या गल्लीतली मुलगी विद्यापीठात काय करते, हे आपण ‘नोकरी कधी लागणार?’ या प्रश्नापलीकडे विचारतो का? गणपतीच्या मंडपात, वाचनालयात, ग्रामसभेनंतर पंधरा मिनिटे तिला द्या. न समजले तर हात वर करून ‘नाही समजले, पुन्हा सांग’ म्हणा. त्यात कमीपणा नाही. तिचे बोलणे त्यानेच सुधारेल आणि कदाचित तिचे संशोधनही. या व्याख्यानमालेच्या चालकांना माझी विनंती आहे की, पुढील वर्षी एक संध्याकाळ आपल्याच जिल्ह्यातल्या संशोधक मुलामुलींसाठी राखून ठेवावी. पुढच्या रांगेत ज्यांच्यावर संशोधन झाले ती माणसे बसवावीत. हिशेब त्यांच्यासमोर व्हावा.

 आता प्रश्न विचारा.