वंशावळींचा उपासक

सेवानिवृत्तीनंतर मनुष्यानें विश्रांति घ्यावी, असा लोकरूढीचा संकेत आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं तो मानला नाहीं. बडोद्यास सयाजीराव महाराजांपाशीं १८८९ पासून वाचकाचें काम करतां करतां ते इतिहासाकडे वळले. १९२५ मध्यें सेवा सोडून ते कामशेतास राहिले. पुढें पुण्याच्या पेशवे दप्तरांतील हजारों रुमाल धुंडाळून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग त्यांच्या संपादकत्वाखालीं प्रसिद्ध झाले.

जुन्या पत्रांवर पुष्कळदां तिथि असते, पण शक नसतो. आणि आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची तर आपली चालच. १७२० त पेशवाई मिळालेला बाजीराव आजोबा, १७९६ तला बाजीराव त्याचा नातू! पत्रांतला बाजीराव कोणता, हें सोबतचीं नांवें सांगतात. परंतु कोण कोणाचा भाऊ, कोण कोणाचा दत्तक, हें ठाऊक असेल तरच. म्हणून सरदेसायांनीं ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी जुळविल्या. तें पुस्तक १९५७ त निघालें, तेव्हां त्यांची नव्वदी उलटली होती.

तरुण पुत्र श्यामकांत याचा वियोग त्यांस सोसावा लागला होता. स्वतःच्या वेलीवर असा घाव पडला असतां, इतरांच्या वेली तुटूं नयेत म्हणून ते झटले. १९५९ त ते निवर्तले.

श्रोतेहो, घरांतील वृद्धांस पणजोबांचें नांव विचारा, पणजीचेंहि विचारा, आणि आजच टिपून ठेवा. उद्यां सांगणारें कोणी उरेलच असें नाहीं.