पिशवीवरचं अर्धं वाक्य



पत्रिकेवर आजचा विषय छापलाय तो असा : ‘पर्यावरणपूरकतेचे व्यावसायिक दावे आणि ग्राहकहित’. संयोजकांनी तो फोनवर वाचून दाखवला, तेव्हाच मी म्हटलं, एवढं नाव वाचलं की माणसं मस्तानी प्यायला जातील. तरी तुम्ही या उकाड्यात आलात. तेव्हा विषय बाजूला ठेवतो आणि ही पिशवी दाखवतो.

दीड वर्षापूर्वी ही मला एका दुकानात मिळाली. हिच्यावर ठळक हिरव्या अक्षरांत लिहिलंय, ‘मी प्लास्टिक नाही. माझी माती होते.’ आमच्या गच्चीवर ओल्या कचऱ्याचा ड्रम आहे. मी भाबडेपणानं ही त्यात टाकली. पहिल्या पावसाळ्यात दोडक्याच्या शिरा गेल्या, केळीची सालं गेली, नारळाच्या शेंड्यासुद्धा मऊ पडल्या. पिशवी होती तशी. शेवटी आमच्या घरातून ती धुऊन दोरीवर वाळत पडली आणि वर शेरा मिळाला, ‘घ्या, अजून दोन वर्षं दही आणायला चालेल.’

मी आधी चिडलो आणि मग वाचायला बसलो. गंमत अशी की पिशवी खोटी नव्हतीच. तळाशी बारीक अक्षरांत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक होता. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएस १७०८८ हे मानक आहे. त्याच्या चाचणीत नमुना साधारण ५८ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि १८० दिवसांत त्यातल्या ९० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर झालेलं दिसावं लागतं. ५८ अंश! एवढी ऊब महिनोन्महिने राखायची तर मोठा, नीट चालवलेला कंपोस्ट प्रकल्प हवा. माझ्या ड्रमाला ते कुठलं झेपणार? आणि ही पिशवी उद्या घंटागाडीत टाकली, तर पुढे कचरा निवडणाऱ्या बाईला ती साध्या प्लास्टिकपेक्षा वेगळी कशी ओळखू येणार?

मी तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं, त्यामुळे खोड अशी की कुठलंही वाक्य दिसलं की त्यात काय गाळलंय ते शोधायचं. ‘माझी माती होते’ या वाक्यात स्थळ नाही, काळ नाही, अट नाही. पर्यावरणाचे दावे उघड खोटे क्वचित असतात. ते अर्धे असतात, आणि उरलेलं अर्धं आपण आपल्या चांगुलपणानं भरून काढतो. हा धंदा आपल्या चांगुलपणावर चालतो, म्हणून त्याचा राग जास्त येतो.

याला ‘ग्रीनवॉशिंग’ हे नाव अमेरिकेतल्या जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६ साली एका निबंधात दिलं. त्याच्या तीन वर्षं आधी ते फिजीला गेले होते. तिथल्या एका रिसॉर्टमध्ये चिठ्ठी होती : समुद्र वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. आणि त्याच रिसॉर्टचं बांधकाम वाढत चाललं होतं. मराठीत कुणी ‘हिरवा मुलामा’ म्हणतात, तो शब्द मला पटतो. याला कल्हई मात्र म्हणू नका. कल्हई केली तर निदान आमटी कळकत नाही.

आता कायदा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं आणि त्या प्राधिकरणानं १५ ऑक्टोबर २०२४ रोजी ग्रीनवॉशिंगविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेनं, म्हणजे मुंबईच्या ‘ॲस्की’नं, आपले नियम लागू केले होते. सरकारी तत्त्वं मी दोनदा वाचली, आणि व्याकरणाचा मास्तर म्हणून सांगतो, त्यांचा गाभा एवढाच आहे : विशेषणाचं वाक्य करा. ‘हरित’, ‘शाश्वत’, ‘शुद्ध’, ‘पृथ्वीसाठी चांगलं’, ‘कार्बन-न्यूट्रल’ असे शब्द नुसते लिहायचे नाहीत. सोबत खुलासा आणि आधार हवा. दावा मालाबद्दल आहे, वेष्टनाबद्दल, बनवण्याच्या पद्धतीबद्दल की विल्हेवाटीबद्दल, ते सांगायचं. दुसऱ्या मालापेक्षा चांगलं म्हणायचं असेल, तर नेमकं कशात, ते सांगायचं. सोयीची आकडेवारी तेवढी उचलायची नाही. ‘पुनर्वापरयोग्य’, ‘बिनविषारी’, ‘१०० टक्के नैसर्गिक’ अशा ठाम दाव्यांना प्रमाणपत्र किंवा भरवशाचा शास्त्रीय पुरावा हवा. आणि तांत्रिक शब्दांचा अर्थ गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत द्यायचा.

हे सगळं मला मान्य आहे. कुरबूर आहे ती दोन ठिकाणी. एक म्हणजे, नुसता हिरवा रंग किंवा पानाफुलांचं चित्र, त्यात उघड फसवणूक नसेल तर, ग्रीनवॉशिंगच्या व्याख्येतून सुटतं. वकिलाच्या दृष्टीनं बरोबर असेल. पण किराणा दुकानात गर्दीत उभं राहून कोण वाक्यं वाचतो? डोळा आधी पानाकडे जातो. शब्दांना लगाम आणि चित्राला मोकळं रान, असा तो प्रकार आहे. दुसरं, हा खुलासा क्यूआर कोडमधूनही देता येतो. म्हणजे दावा फळीवर, तीन इंच उंच अक्षरांत, आणि पुरावा फोनमध्ये. फोनला रेंज नसेल तर तोही नाही. आमच्या शेजारच्या आजी तो काळा-पांढरा चौकोन नक्षी समजतात.

दंड? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. बचत गटाला हा आकडा घर विकायला लावील. मोठ्या कंपनीची एवढी रक्कम क्रिकेटच्या एका सामन्यातल्या जाहिरातीतच उडून जात असेल.

बरं, प्रमाणपत्र आलं म्हणजे काम संपलं का? इथे एक गोष्ट जरा सावकाश सांगतो. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं फोक्सवॅगनला पकडलं. ‘क्लीन डिझेल’ म्हणून विकलेल्या गाड्यांत एक सॉफ्टवेअर होतं. गाडीची चाचणी चालू आहे हे त्याला ओळखता यायचं. तेवढ्यापुरता धूर आवरायचा, रस्त्यावर आली की पुन्हा मोकळी. इन्स्पेक्टर येण्याच्या दिवशी गृहपाठाच्या वह्या नीट लावणारा वर्ग मी पाहिलाय. पण हा वर्ग जगभर मिळून एक कोटी दहा लाखांच्या आसपास गाड्यांचा! भारतात याची तपासणी झाली ती पुण्यात. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून मोजल्या, तेव्हा धूर त्या वेळच्या बीएस-४ या उत्सर्जन मानकाच्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाला. कंपनीनं सव्वातीन लाख गाड्या परत बोलावल्या. इथले नियम आपण मोडले नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटींचा दंड ठोठावला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं सक्तीची कारवाई थांबवली. मला त्यातला निकाल तितका महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाची वाटते ती टेकडीवरून खाली उतरून रस्त्यावर घेतलेली मोजणी. कागदावरचा पुरावा बाजारात येऊन तपासणारं कुणीतरी लागतं, आणि नव्या तत्त्वांत सगळ्यात पातळ आहे ते हेच. प्राधिकरण तक्रारीची वाट पाहणार असेल, तर माझ्यासारख्यानं काय करायचं? प्रत्येक पिशवी वर्षभर ड्रममध्ये ठेवायची?

हात वर करून सांगा, इकोमार्क कुणी पाहिलाय? ... दोन. त्यातले एक आमचे अध्यक्ष. मित्रहो, पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या मालाला चिन्ह देणारी ही सरकारी योजना १९९१ ची आहे. तिचं चिन्ह मातीचं मडकं. इतकं सुंदर, इतकं आपलं चिन्ह! मडकं मातीतून येतं, मातीत जातं आणि मध्ये पाणी गार ठेवतं. पण चिन्ह घ्यायला कंपन्या फारशा आल्याच नाहीत. स्वतःच पान छापता येत असेल, तर परीक्षा देऊन मडकं कोण मिळवणार? सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं इकोमार्कचे नवे नियम आणले आहेत. बघू.

पुरावा जपणं आपल्याला जमत नाही, असं मात्र म्हणू नका. नाशिकचा द्राक्षबागाईतदार युरोपला माल पाठवतो, तेव्हा त्याच्या प्लॉटची नोंदणी असते, औषधांच्या अंशांची तपासणी असते आणि पेटीवरून बाग शोधता येते. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची ‘ग्रेपनेट’ व्यवस्था २००६ पासून आहे. गिऱ्हाईक हटून बसलं म्हणून हे जमलं. आता तेच युरोप आणखी पुढे जातंय. २७ सप्टेंबर २०२६ पासून तिथे दुसरीकडे झाडं लावण्याचा हिशेब दाखवून एखादा माल ‘कार्बन-न्यूट्रल’ म्हणून विकता येणार नाही.

घड्याळाकडे बघतोय, संपवतो. मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या बचत गटाच्या एक ताई आल्या. त्या जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवतात. पिशवीवर ‘पर्यावरणपूरक’ असा शिक्का मारायचे त्या. कुणीतरी त्यांना भीती घातली की आता दहा लाख दंड होतो. मी म्हटलं, भीती अगदीच खोटी नाही, तत्त्वं तुम्हालाही लागू आहेत. त्या म्हणाल्या, ‘सर, कापडी पिशवी चांगली असते हे काय सिद्ध करायचं?’ तर करायचं. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेनं २०१८ मध्ये हिशेब मांडला : नव्या सुताची पिशवी निव्वळ हवामानाच्या बाबतीत साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला ५२ वेळा वापरावी लागते, आणि सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा. आपल्याकडे पिशवी बंद तुटेपर्यंत चालते आणि मग तिचं पोतेरं होतं, हे खरं. पण परिषदेत फुकट मिळालेल्या माझ्या अकरा नव्या पिशव्या कपाटात पडून आहेत, हेही खरं. ताईंची पिशवी यातून सुटते, कारण बंद सोडला तर तिच्यासाठी नवा कापूस पिकलेलाच नाही.

‘मग शिक्क्यावर लिहू काय?’

आम्ही ओट्यावर बसून मजकूर केला : ‘वापरलेल्या साडीच्या कापडाची. नवं कापड नाही. बंद तेवढा नवा सुती. फाटली तर आणून द्या, शिवून देऊ.’

ताईंनी तो वाचला, बोटांवर अक्षरं मोजली आणि म्हणाल्या, ‘शिक्का मोठा करावा लागेल, सर.’