रताळीं लावण्यापूर्वीं रान कसें करावें?

(परभणी तालुक्यांतील एका गांवीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें गांवच्या शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



शिवरात्रीला आपल्या चुलीवर रताळें शिजतें; पण तें आपल्या रानांतलें नसतें, बाजारांतून विकत आणलेलें असतें. पिकविणाऱ्यांच्या घरानेंच उपवासाच्या आदल्या दिवशीं चढ्या भावानें विकत घ्यावें, हा उलटा व्यवहार मोडावा म्हणून मी आज बोलत आहें.

“आपल्या काळ्या रानांत रताळें येत नाहीं,” असें पुष्कळ जण म्हणतात. मीही म्हणत होतों. पहिल्या वर्षीं मीं घरामागच्या काळ्या तुकड्यांत सपाट जमिनीवरच वेल टोचले. पाऊस झाला, वेल माजला, आणि खणून पाहतों तों खालीं करंगळीएवढ्या मुळ्या! घरांत सर्वांनीं नशिबाला बोल लावला. दोष नशिबाचा नव्हता. मीं वरंबेच घातले नव्हते.

याचें कारण समजून घ्या. बटाटा हें खोड आहे, रताळें हें मूळ आहे. मूळ फुगावयास त्याला हवा लागते आणि भोंवतीं मऊ माती लागते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, हा कापसा-ज्वारीला गुण, पण रताळ्याला दोष. पाणी तुंबलें कीं मूळ फुगत नाहीं, कुजतें. म्हणून मुळाला जमिनीच्या वर उचलून धरावें लागतें. वरंबा म्हणजे दुसरें कांहीं नाहीं, मुळासाठीं केलेला ओटा आहे.

प्रथम जागा निवडा. नदीकांठची गाळाची, मुरूममिश्रित किंवा मध्यम जमीन उत्तम. चोपण जमीन नको. शंका असेल तर हातभर खोल खड्डा करून पाण्यानें भरा. दुसऱ्या दिवशींही पाणी उभें असेल तर ती जागा सोडा.

मग एक नांगरट करा, रान तापूं द्या, आणि वखराच्या दोन-तीन पाळ्या देऊन ढेकळें फोडा. शेवटच्या पाळीपूर्वीं चांगलें कुजलेलें शेणखत मिसळा. कच्चें शेण घालूं नका. त्यानें हुमणी वाढते. नत्राचें खत हात सैल सोडून दिलें तर पाला माजतो आणि रताळें रोडावतें. चुलीची राख मात्र उकिरड्यावर फेकूं नका. तींत पालाश असतें, आणि रताळ्याला तें हवें असतें.

वरंबे घालावयाचे ते वाफशावर. मूठभर माती दाबून गोळा करा व कमरेएवढ्या उंचीवरून खालीं टाका. फुटला तर वाफसा आला. चिखलासारखा चपटा झाला तर थांबा. ओल्या मातीचे वरंबे वाळून विटेसारखे होतात. दोन वरंब्यांत २ फूट अंतर व उंची फूटभर ठेवा. वरंबे उताराला आडवे घाला, पण जादा पाणी हळूहळू निघून जाईल असा किंचित ढाळ द्या. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितांना पावसाचें पाणी व त्याबरोबर वाहून जाणारा कस शिवारांतच अडवावा असा आग्रह धरला होता. आडवा वरंबा हें त्याचेंच धाकटें रूप आहे.

वेलाच्या शेंड्याकडचे, ३-४ डोळ्यांचे, वीत-सव्वा वीत लांब तुकडे घ्या. कीड लागलेल्या रानांतले घेऊं नका. वीतभर अंतरावर लावा. मधला भाग मातींत, दोन्ही टोकें बाहेर. या हिशेबानें एकरीं सुमारें २९ हजार तुकडे लागतात. ज्या कारागीर बांधवांना शेत नाहीं त्यांनीं परसांत १० फुटांचा एकच वरंबा करावा. त्यावर १३ वेल बसतात.

पुढें महिन्या-दीड महिन्यानें वरंब्याला मातीची भर द्या. काळी माती वाळली कीं भेगाळते, आणि त्या भेगांतून सोंड्या भुंगा रताळ्यापर्यंत पोंचून अंडीं घालतो. भर म्हणजे त्या चोराला लावलेलें दार. एकाच रानांत दरसाल रताळीं घेऊं नका, आणि काढणीनंतर किडकीं रताळीं रानांत ठेवूं नका.

आतां मुहूर्ताचें. कोणी पंचांग उघडूं लागला तर त्याला नमस्कार करून घरीं पाठवा. पीक सुमारें ४ महिन्यांचें आहे. थंडीत थोडें लांबतें. शिवरात्रीच्या बाजारासाठीं दसऱ्याच्या सुमारास लावा. पावसाळी पीक जून-जुलैंत. हिशेब बोटांवर होतो, दक्षिणा लागत नाहीं. आणि गंमत पहा: रताळें मूळचें अमेरिकेकडचें. कोलंबस तिकडे गेला १४९२ सालीं. त्यानंतर तें पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आलें. जुन्या पोथ्यांना ज्याचें नांवही ठाऊक नव्हतें तें आज उपवासाला पवित्र ठरलें! त्याला पवित्र करणारा मंत्र नव्हे. खोऱ्यानें वरंबा ओढणाऱ्या माणसाचा आणि वांकून वेल लावणाऱ्या बाईचा घाम आहे. म्हणून पैसा येईल तेव्हां त्या बाईच्या हातांतही मोजून द्या.

आपल्या परभणीस १८ मे १९७२ रोजीं कृषी विद्यापीठ स्थापन झालें. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचें नांव आहे. तें आपल्याच करावर चालतें. तेथें हात जोडून नव्हे, मातीचा नमुना व आपला प्रश्न घेऊन जा. लिहितां येत नसेल तर मजकडे या, मी लिहून देतों. आणि येतांना आपली मुलगीही बरोबर आणा; पुढच्या वर्षीं तिनेंच लिहावें.