रुपयातील रुपे
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत चांदीला रुपे म्हणतात आणि ‘रुपया’ हा शब्द त्याच मुळातून आलेला आहे. रोजच्या व्यवहारातील रुपयात मात्र रुपे उरलेले नाही. देवापुढचा तांब्याही पुष्कळ घरांत आता तांब्याचा नसतो. नावे टिकली, धातू बदलले. हे बदल हौसेने झालेले नाहीत. त्यांच्यामागे युद्ध आहे, कर्ज आहे आणि घरातली चूलही आहे.

ब्रिटिश अमदानीतील रुपया 180 ग्रेन, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम वजनाचा असे. त्याच्या बारा भागांत अकरा भाग चांदी. तोळ्याचे वजनही तेवढेच. म्हणून रुपया हे चलनही होते आणि वजनही. ‘रुपयाभार’ हा शब्द त्यातूनच रुळला. दुकानदार नाणे दगडावर वाजवून घेई. खोटे असले तर ते बद्द वाजे. माणसाच्या आवाजाला ‘खणखणीत’ म्हणतात, तेव्हा कानात हाच नाद असतो.

या रुपयाला पहिला धक्का पहिल्या महायुद्धाने दिला. चांदीची इतकी ओढाताण झाली की 1917 साली एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. दुसऱ्या महायुद्धात, 1940 पासून, नाण्यातील चांदी निम्म्यावर आली. उरलेल्या भागात तांबे, निकेल आणि जस्त. लोकांनी अर्थातच जुने रुपये गाडग्यात दडवले आणि नवे बाजारात चालवले. 1943 मध्ये तांबे वाचवण्यासाठी पैशाच्या मधोमध छिद्र पाडण्यात आले. घरातील वृद्धांच्या बोलण्यात येणारा ‘भोकाचा पैसा’ तो हाच. 1947 साली रुपया निकेलचा झाला. युद्धकाळात अमेरिकेने हिंदुस्थानला उधारीवर चांदी दिली होती. स्वतंत्र भारताने ती फेडली, आणि त्यासाठी परत गोळा झालेली चांदीची नाणी कोलकात्यात अलीपूरला वितळवून शुद्ध करण्यात आली. एका पिढीची पुंजी अशी मुशीत गेली, ही गोष्ट शाळेच्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

1957 साली दशमान पद्धती आली. नवा पैसा आरंभी काशाच्या जातीच्या मिश्रधातूचा होता. पुढे तांबे महागले आणि साठीच्या दशकात छोटी नाणी ॲल्युमिनियमची झाली. चौकोनी एक पैसा, षट्कोनी तीन पैसे: खिशात असूनही नसल्यासारखी हलकी. यामागचे गणित साधे आहे. नाण्यातील धातू दर्शनी किमतीपेक्षा महाग झाला की नाणे बाजारातून नाहीसे होते आणि भट्टीत सापडते. 2011 च्या नाणे कायद्याने नाणे वितळवणे गुन्हा ठरवले आहे. पण खरा बंदोबस्त स्वस्त धातूचाच. म्हणून 1988 पासून लहान नाणी, आणि 1992 पासून रुपया, बेदाग पोलादाचे झाले: सुमारे 83 टक्के लोह आणि 17 टक्के क्रोमियम. क्रोमियमचा अदृश्य थर हवेतच तयार होतो, ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो, आणि नाणे गंजत नाही.

स्वयंपाकघरातही पोलादच जिंकले. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी राहिली की ती कळकते. आंबटाने तांब्याचे क्षार उतरतात. त्यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला दारात भाता लावी, तापल्या भांड्यात नवसागर टाकी, कथील फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने आतून चांदीसारखी झळाळी आणी. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कोळशाची छोटी भट्टी पुरे. स्टील आले, पितळ मोडीत गेले, कल्हईवालाही गेला. हळहळ वाटणे साहजिक आहे. मात्र पितळेच्या आठवणीने हळवे होणाऱ्यांनी ती भांडी चिंच आणि राख लावून रोज कोण घाशीत होते, हेही आठवावे.

मुलांसाठी एक प्रयोग. घरात जुन्या नाण्यांचा डबा असेल तर त्यावर लोहचुंबक फिरवावे. 1992 नंतरचा पोलादी रुपया चिकटतो. पन्नाशीतला निकेलचा रुपयाही चिकटतो, कारण निकेल चुंबकाकडे ओढले जाते. ऐंशीच्या दशकातला रुपया मात्र हलत नाही. त्यात तीन भाग तांबे आणि एकच भाग निकेल. स्वयंपाकघरातली बहुतेक चांगली स्टीलची ताटेही चिकटत नाहीत. त्यांत क्रोमियमबरोबर निकेल मिसळलेले असते आणि त्याने लोहाची अंतर्गत रचनाच बदलते.

मग वर्षाच्या आकड्याखाली पाहावे. चांदणी असेल तर नाणे हैदराबादच्या टांकसाळीतले, टिंब असेल तर नोएडाचे, काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. आणि हिऱ्याच्या आकाराची बारीक खूण दिसली, तर ते मुंबईहून इथवर आलेले आहे.